चतुरामावशीचा लाल टॅग

आमच्या कंपनीत चतुरामावशीला सगळे टरकून असत आणि सगळ्यांत जास्त मी. मी परभणीकडची, तोंडाची फटकळ, कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. पण मावशीपुढं माझी बोलती बंद व्हायची. कारण साधं होतं. मी आठ तास मशीनवर राबून काढलेला माल तिच्या टेबलावर जायचा आणि त्यातले चार-पाच नग ती न बोलता लाल पेटीत टाकायची. मी तावातावानं जायचे. म्हणायचे, मावशी, यात काय वाईट आहे, मला तर काहीच दिसत नाही. ती माझं बोट धरायची, नगाच्या आतल्या कडेवरून फिरवायची आणि विचारायची, आता? मला काही लागायचं नाही. मग ती नग भिंगाखाली धरायची आणि तिथं केसाएवढी भेग असायची. अशा वेळी माणसानं तोंड कुठं लपवावं, सांगा.

चाकणला आम्ही गाड्यांच्या इंजिनाला बसणारी अ‍ॅल्युमिनियमची कवचं बनवतो. ओतलेला माल मशीनवर कापून-घासून तयार होतो आणि शेवटी तपासणीच्या टेबलावर येतो. पास झालेल्या नगावर पांढऱ्या मार्करचा ठिपका पडतो. तो ठिपका बावीस वर्षं चतुरामावशी देत आलीय. तिच्या उजव्या हातमोज्याची पहिली दोन बोटं कापलेली असतात, कारण तिचा डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा. परदेशातून पाहुणे आले की साहेब लोक त्यांना मुद्दाम तिच्या टेबलाशी आणतात. एकदा एका गोऱ्या साहेबानं सात नग ठेवले, त्यात एक खराब, आणि मावशीनं डोळे मिटून तो बाजूला काढला. साहेबानं तोंडात बोट घातलं. मावशी म्हणाली, चहा घ्या म्हणावं त्यांना.

तिच्या टेबलाचे तीन नियम होते आणि ते तिनं आम्हा पोरींच्या डोक्यात अक्षरशः ठोकले होते. पहिला, खराब नगाला दुरुस्तीची संधी दोनदाच, तिसऱ्यांदा तोच नग आला तर सरळ मधून कापायचा आणि आत काय आहे ते बघायचं. दुसरा, मालात गडबड वाटली तर पेटीला लाल टॅग बांधायचा, आणि टॅग बांधलेला माल मॅनेजर आला तरी हलवायचा नाही. ज्यानं बांधला त्यानंच तो सोडायचा. तिसरा, हात लावल्याशिवाय सही करायची नाही. या तिसऱ्या नियमापायी ती कितीदा भांडली असेल, गणती नाही.

आता मूळ गोष्ट सांगते.

मी मोशीला कंपनीच्या बसमध्ये चढते. मावशी पिंपरीहून येते आणि ड्रायव्हरच्या मागची सीट तिची, तिथं दुसरं कुणी बसत नाही. गेल्या वर्षी जानेवारीत एका सकाळी बघते तर सीट रिकामी आणि मावशी दांड्याला धरून उभी. विचारलं तर म्हणाली, बसून बसून कंटाळा येतो. म्हटलं असेल बाई. पण दुसऱ्या दिवशीही उभी, आठवडाभर उभी, महिनाभर उभी. भोसरी, मोशी, चाकणचा तळेगाव चौक, पुढं कांद्याचे ट्रक आडवे, सव्वा तासाचा रस्ता, आणि ही बाई बावन्नाव्या वर्षी उभी. मी चेष्टा केली, मावशी, तिकीट नाही काढलं का? ती हसली नाही, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

मार्चमध्ये कंपनीची वार्षिक तपासणी आली. डोळे, रक्तदाब, साखर, कान, असे रकाने असलेला एक फॉर्म. शेवटून दुसरा रकाना 'स्त्रियांची तपासणी'. दरवर्षी येणारे डॉक्टर वयस्कर गृहस्थ होते, त्या रकान्याबद्दल ते बिचारे विचारायलाही लाजायचे आणि आम्ही सांगायलाही. त्या वर्षी आमच्या मालोजी सुपरवायझरनं छत्तीस बायकांचे फॉर्म माझ्यापुढं आणून टाकले. म्हणाला, रुपाली, तुझं अक्षर चांगलंय, तेवढा रकाना भरून टाक, सगळ्यांना नॉर्मल लिही आणि जेवणाच्या सुट्टीआधी सह्या घे, डॉक्टरांना निघायचंय.

मी लिहिलं. छत्तीसदा नॉर्मल, नॉर्मल, नॉर्मल. मावशीच्या फॉर्मवरही लिहिलं. बाई दोन महिने बसमध्ये बसत नाहीये हे ह्या डोळ्यांनी रोज बघत होते, आणि तरी माझा हात एकदाही अडखळला नाही. मावशीनं फॉर्म घेतला, त्या रकान्याकडं जरा वेळ बघितलं आणि सही केली. उरलेल्या आयुष्यात मला दुसरं काही विसरता आलं नाही तरी चालेल, पण तो दुपारचा अर्धा तास विसरता यावा असं फार वाटतं.

मे महिन्यात एका दुपारी, हात धुताना, तिनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, माझ्याबरोबर दवाखान्यात येशील का. मग खाली बघत, पण स्पष्ट शब्दांत, तिनं सगळं सांगितलं. दिवाळीपासून लघवीच्या जागेला, बाहेरच्या कातडीला खाज होती. गल्लीतल्या डॉक्टरला तिनं नुसती खाज म्हणून सांगितलं, त्यानं न बघता मलम दिलं. महिन्यानं पुन्हा गेली, त्यानं दुसरं, जास्त जोरकस मलम दिलं. बघा म्हणायची हिला लाज वाटली आणि दाखवा म्हणायची त्याला. पण अंघोळीच्या वेळी बोट सांगत होतं.

"आधी नुसतं खरखरीत लागायचं," ती म्हणाली. "आता कड लागतेय, रुपे. नखाएवढ्या जागेची कड. दर आठवड्याला थोडी पुढं सरकलेली."

बावीस वर्षं ज्या बोटानं कधी चूक केली नाही, ते बोट सांगत होतं.

तिच्या घरी तोवर कुणालाच माहीत नव्हतं. नवरा भीमराजकाका पिंपरीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला, मितभाषी, सकाळी वाचनालयात पेपर वाचणारा माणूस. मुलगा फिरतीच्या कामावर. सून साक्षी पिंपळे सौदागरच्या एका दुकानात हिशेब लिहायला जाते, आणि अकरा वर्षांची नात स्वरूपा. अशा घरात अशा जागेचं दुखणं बाईनं कुणाला सांगायचं? मला तरी तिनं तेवढ्यासाठीच निवडलं असणार, की मी घरची नाही.

आम्ही एका मोठ्या हॉस्पिटलात बायकांच्या डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर तरुण बाई होत्या. बाहेर रांग एवढी की त्या मान वर न करता लिहीत होत्या. त्यांनी जुनी चिठ्ठी बघितली आणि म्हणाल्या, हेच मलम अजून पंधरा दिवस लावून बघू. मावशी उठली नाही.

"मॅडम, दोनदा दुरुस्ती करून झालीय," ती म्हणाली. "आमच्याकडं तिसऱ्यांदा कापून आत बघतात."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी मावशीकडं बघितलं, मग तिच्या हातांकडं, आणि विचारलं की तुम्ही काय काम करता. मावशीनं सांगितलं. डॉक्टर उठल्या, पडदा ओढला आणि तिला नीट तपासलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. त्यांनी त्याच आठवड्यात जागा बधिर करून छोटा तुकडा काढला आणि तपासायला पाठवला.

निघाला कॅन्सर.

रिपोर्ट सांगायला डॉक्टरांनी घरच्यांना बोलावलं होतं, म्हणून भीमराजकाकाही आले. मी भिंतीशी उभी. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचं नाव आपण ऐकलेलं असतं, दवाखान्यात त्याची पोस्टर लावलेली असतात. हा त्याचाच दूरचा भाऊ, बाहेरच्या कातडीचा. दुर्मीळ आहे, डॉक्टर म्हणाल्या, वर्षात मोजक्याच बायका अशा येतात, आणि बहुतेक उशिरा येतात, कारण दाखवायची लाज. हा सगळ्यांना एकाच कारणानं होत नाही, पण मावशीच्या तुकड्यावर वेगळी तपासणी केली तेव्हा कळलं की यामागं एचपीव्ही नावाचा व्हायरस आहे. हे ऐकून काकांनी हळूच विचारलं, हा येतो कुठून?

डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. अंगाला अंग लागून येतो, जास्त करून नवरा-बायकोच्या संबंधांतून. निम्म्याहून जास्त जगाला कधी ना कधी होतो, शरीर आपलं आपण त्याला हाकलून देतं, माणसाला पत्ताही लागत नाही. थोड्या जणांत तो तसाच दबा धरून बसतो, वीस वर्षं, तीस वर्षं, आणि मग एखादीच्या कातडीत बिघाड सुरू करतो. कधी आला, कुणाकडून आला, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. यात कुणाच्या चालचलणुकीचा प्रश्न नाही, असंही त्या दोनदा म्हणाल्या.

तरी काका हॉस्पिटलाच्या जिन्यावरच बसले. त्यांच्याकडं बघवत नव्हतं. माणूस आयुष्यभर सरळ वागलेला. डोकं धरून म्हणाले की माझ्याकडूनच आला असणार, मीच तुला हे दिलं. रडणारा पुरुष मला बघवत नाही, मी दुसरीकडं तोंड केलं. मावशी त्यांच्या शेजारी बसली नाही, तिला बसताच येत नव्हतं. ती समोर उभी राहिली.

"तीस वर्षांपूर्वीचा माल हाय," ती म्हणाली. "त्याचा कागद न्हाई, तारीख न्हाई. शोधत बसलात तर सापडायचं काही न्हाई आणि पुढचं काम राहून जाईल. उठा. डॉक्टरीणबाईंनी रक्त द्यायला सांगितलंय."

काका उठले. मला वाटतं त्या क्षणापासून मी या बाईला माणूस म्हणून बघायला लागले, नाहीतर तोवर ती माझ्यासाठी तपासणीचं टेबलच होती. मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. ह्या व्हायरसनं किती संसार नासवले असतील, नुसत्या संशयानं! हिनं तो प्रश्न जिन्यावर मिटवला आणि पुन्हा कधी काढला नाही.

ऑपरेशन जुलैत झालं. सगळं एका गोष्टीवर अडकलं होतं, ती डॉक्टरांनी आधीच समजावली होती. गाठ कापताना भोवतालची चांगली कातडीही थोडी कापायची, म्हणजे गाठीच्या चारी बाजूंना निरोगी पट्टा राहतो. त्या पट्ट्यात रोग पोचलेला नसेल, आणि जांघेत प्रत्येकालाच ज्या छोट्या गाठी असतात, जिथं रोग आधी पसरतो, त्याही स्वच्छ निघाल्या, तर मावशी सुटली. कडेपर्यंत रोग निघाला तर पुन्हा कापणं, किरणांचा शेक घेणं, आणि मग काही सांगता येत नाही. मावशीनं एवढंच विचारलं होतं, कडेला किती मिलिमीटर लागतात? डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, आठ मिळाले तर मी खूश.

रिपोर्टला बारा दिवस लागले. साक्षी आणि मी पाळ्या लावून तिच्याजवळ थांबायचो. जखम अशा जागी की कूस बदलायची सोय नाही, लघवीला नळी, जांघेत टाके. पहिल्या दिवशी साक्षी सासूची जखम पुसायला घाबरत होती आणि मावशी सुनेला तिथं हात लावू देत नव्हती. चौथ्या दिवशी साक्षीनं रागावून सांगितलं की आई, मी स्वरूपाचं करत नाही का, गप पडा. त्यानंतर त्या दोघींत जी माया दिसली ती मी कुठल्या घरात बघितलेली नाही. मावशी मात्र कण्हली नाही. ती छताकडं बघत बोटांवर काहीतरी मोजायची. विचारलं तर म्हणाली, आठपर्यंत मोजते.

त्या बारा दिवसांत मी निदान पाच वेळा तोंड उघडलं होतं. म्हणणार होते, मावशी, तो मार्चमधला फॉर्म मी भरला होता, तेव्हाच कुणी बघितलं असतं तर तुझी एवढी जागा कापावी लागली नसती. प्रत्येक वेळी तिचा चेहरा बघितला आणि पाणी देऊ का, एवढंच विचारलं. मी, जिच्या तोंडाला मालोजी भितो.

बाराव्या दिवशी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी वाचून दाखवला. कडा स्वच्छ. सगळ्यांत जवळची कड नऊ मिलिमीटर. जांघेतल्या गाठींत काही नाही. काकांनी हात जोडले, साक्षीनं डोळ्याला पदर लावला, आणि मी कॉटवर टेकले. मावशीनं रिपोर्ट हातात मागितला. शेवटची सही बघितली आणि विचारलं, ह्या कोण?

डॉ. अंजली, खालच्या मजल्यावर प्रयोगशाळेत असतात, असं कळलं.

"त्यांनी स्वतः हात लावून बघितलं होतं का?" मावशीनं विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढे चांगले डॉक्टर, आणि ही बाई त्यांची उलटतपासणी घेतेय! पण आमच्या डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्हीच विचारा. टाके निघाल्यावर, घरी जायच्या दिवशी, त्यांनी खाली फोन लावून दिला. मी मावशीला चाकांच्या खुर्चीत, रबरी गादीवर एका अंगाला कलती बसवून खाली नेलं.

डॉ. अंजली पन्नाशीच्या, बारीक, चष्मा कपाळावर सरकवलेल्या. त्यांच्याकडं रोगी कधी येत नाहीत, नुसते तुकडे येतात, म्हणून त्या जरा गोंधळल्या होत्या. मावशीनं तिथंही तोच प्रश्न विचारला. त्यावर डॉ. अंजलींनी स्वतःचा उजवा हात पुढं केला.

"आधी बोटानंच बघते," त्या म्हणाल्या. "हातमोजा असतो, पण कळतं. रोग कुठं संपतो ते बोटाला डोळ्याआधी लागतं. मग कापते."

मावशी पुढं झुकली. मग डॉ. अंजलींनी सगळं दाखवलं, आणि ते मी कधी विसरणार नाही. ऑपरेशन करणारे कापलेल्या तुकड्याला एका बाजूला दोरा बांधून पाठवतात, म्हणजे वर कुठलं, खाली कुठलं ते कळतं. मग ह्या त्याच्या सगळ्या कडेला शाई लावतात, साधी काळी शाई. मग त्याचे केसाहून पातळ काप करून, रंगवून काचेवर ठेवतात. सूक्ष्मदर्शकात ती शाईची रेघ दिसते. रोग शाईला टेकला तर माल नापास. शाई आणि रोग यांच्यात चांगली कातडी दिसली तर मोजायचं किती.

त्यांनी मावशीची काच लावली आणि म्हणाल्या, बघा. मावशीनं डोळा लावला. बराच वेळ ती हललीच नाही. नंतर मला बघ म्हणाली. मी बघितलं. आई गं, काय ते! गुलाबी आणि जांभळं, कपड्याच्या दुकानातल्या भारी साडीसारखं, एका बाजूला ठिपके दाटीवाटीनं माजलेले, आडवेतिडवे, आणि त्यांच्यापलीकडं सरळ, शांत, रांगेनं लावलेले. काच सरकवत सरकवत टोकाला काळी रेघ. माजलेले ठिपके त्या रेघेपर्यंत पोचलेच नव्हते. मधे सगळी शांत रांग. मला त्या काचेपुढं देवळात उभं असल्यासारखं वाटलं. एका बाईच्या अंगातलं, जे लाजेपायी सहा-सात महिने कुणी बघितलं नाही, ते इथं खालच्या मजल्यावर कुणीतरी हात लावून, शाई लावून, मोजून बघितलं होतं.

मावशीनं डॉ. अंजलींचा हात हातात घेतला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, मी पांढरा ठिपका देते, तुम्ही काळी शाई लावता. दोघी एकमेकींची बोटं धरून बसल्या होत्या आणि मी खुळ्यासारखी बाजूला उभी राहून रडत होते.

नोव्हेंबरात मावशी कामावर आली. जांघेतल्या गाठी काढल्यामुळं डावा पाय संध्याकाळी सुजतो, म्हणून लांब मोजा घालते. दर तीन महिन्यांनी दाखवायला जाते. बसमध्ये आपल्या सीटवर रबरी गादी टाकून बसते, आणि ज्या दिवशी ती पहिल्यांदा बसली त्या दिवशी ड्रायव्हरनं आरशात बघून हॉर्न वाजवला. स्वरूपाला तिनं या व्हायरसची लस टोचून आणली. नातीला काय सांगितलंस, मी विचारलं, तर म्हणाली, खरं ते सांगितलं, तुझ्या आजीला झालं ते तुला होऊ नये म्हणून.

मग मार्च आला.

मालोजी पुन्हा छत्तीस फॉर्म घेऊन माझ्याकडं. तेच शब्द, तुझं अक्षर चांगलंय. मी नाही म्हणायच्या आत मावशी टेबलावरून उठून आली. तिच्या हातात एक घडी घातलेला कागद होता. गेल्या वर्षीच्या फॉर्मची प्रत, कंपनी प्रत्येकीला देते ती. तिनं ती माझ्यापुढं उलगडली. 'स्त्रियांची तपासणी' पुढं माझं गोल, चांगलं अक्षर. नॉर्मल.

मला रडू फुटलं. मी कसंबसं विचारलं, मावशी, तुला तेव्हापासून माहीत होतं?

"तुझं अक्षर मी रोज पेटीवरच्या चिठ्ठ्यांवर वाचते," ती म्हणाली. "लिहिलं तू, पण सही माझी हाय. बावीस वर्षांत हात न लावता केलेली एकच सही, आणि ती स्वतःच्या अंगावर. हा माल आपण दोघींनी पास केला, रुपे. आता दोघींनी थांबवायचा."

तिनं खिशातून लाल टॅग काढला. त्यावर तारीख घातली, कारणाच्या जागी लिहिलं, 'तपासणी न करता भरायला आलेले', खाली सही केली, आणि तो टॅग छत्तीस फॉर्मच्या गठ्ठ्याला दोरीनं बांधून गठ्ठा मालोजीच्या टेबलावर ठेवला.

मालोजी म्हणाला, मावशी, हे काय, हा माल थोडाच आहे. मावशी म्हणाली, हात लावून बघ. त्यानं हात पुढं केला आणि मागं घेतला. टॅगाला हात लावायची सवय आमच्यात कुणालाच नाही. दुपारी मोठे साहेब आले, तेही गठ्ठ्याकडं बघत उभे राहिले. आम्ही बायका आपापल्या मशीनवर काम करत होतो, मान खाली, पण कान तिकडंच. साहेबांनी फोन लावला. गठ्ठा तिथं नऊ दिवस पडून होता. लोक त्याला वळसा घालून जात होते.

दहाव्या दिवशी ट्रेनिंगच्या खोलीत पडदा लागला आणि एक डॉक्टरीणबाई आल्या, सोबत एक सिस्टर. पहिली मावशी आत गेली. तिला काय गरज होती, ती तर मोठ्या हॉस्पिटलात दाखवतेच. पण बाकीच्या दारात घुटमळत होत्या, म्हणून गेली. तिच्या मागं एकेक जण. काहींनी नाक मुरडलं, आमच्यातल्या नेहाला तर ओढून आणावं लागलं. दोन दिवसांत छत्तीस झाल्या. शेवटची बाहेर आल्यावर मावशीनं स्वतः कात्रीनं दोरी कापली, आणि तपासायला पाठवलेल्या नमुन्यांचे रिपोर्ट आल्यावर फॉर्म सहीसाठी आमच्या हातात आले.

दोघींना पुढं पाठवलं होतं. त्यातली एक मी. गर्भाशयाच्या तोंडाशी तोच व्हायरस, आणि कातडी बिघडायला नुकती सुरुवात झालेली. कॅन्सर नव्हता, अजून नव्हता. तेवढी जागा काढून टाकली की झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि तसंच झालं, मी त्याच दिवशी संध्याकाळी घरी आले. मला ना खाज होती, ना दुखत होतं, मी सीटवर मजेत बसून जात-येत होते. मी सलग चार वर्षं त्याच रकान्याखाली सही करत आलेली बाई.

पण ते नंतरचं. त्या दुपारी फॉर्म हातात आला तेव्हा मावशी माझ्या शेजारी उभी होती. त्या रकान्यात या वेळी माझं अक्षर नव्हतं आणि नॉर्मल असंही लिहिलेलं नव्हतं. मावशीनं आपलं पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, आधी वाच. मी सगळं वाचलं, आणि सही केली.